गाडीत जागा होती

आबांनी मला पहिल्यांदा विचारलं त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. दिवाळीत मी धुळ्याला माहेरी गेले होते. आबा अंगणात जीपचं बोनेट उघडून उभे होते. हात पुसत म्हणाले, "उजू, चार दिवस काढ. चोपड्याकडून सातपुड्यात जाऊन येऊ. तंबू घेऊ, बाहेरच राहू, बाहेरच खाऊ."

मी हसले आणि "बघू" म्हणाले. मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा सहामाहीचे पेपर तपासायचे होते. उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मुलाची बारावी झाली होती आणि प्रवेशाची धावपळ चालू होती. पुढच्या दिवाळीच्या आधी मी हो म्हणाले आणि ऐन वेळी रद्द केलं, कारण माझा गुडघा दुखत होता. गुडघा खरंच दुखत होता. पण त्याच गुडघ्याने मी पंधरा दिवसांनी शाळेच्या सहलीबरोबर किल्ला चढले होते.

त्यानंतरची दिवाळीही तशीच गेली, आणि शेवटी यंदा जानेवारीत, संक्रांतीच्या अलीकडे, आम्ही निघालो. या ब्लॉगवर मी एरवी घाटरस्ते, खाणावळी आणि मुक्कामाच्या जागा यांच्याबद्दल लिहिते. तेही यात येईल, कारण खानदेशातून असा प्रवास करावा असं कोणाला वाटत असेल तर त्याच्या कामी यावं. पण हे लिहायला मला बरेच दिवस लागले. आबांना विचारून लिहिते आहे.

आधी गाडीबद्दल. जीप माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. पेट्रोलवर चालते, तीन गिअर, वर कापडी हूड, मागे समोरासमोर दोन बाकडी. आबा एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते आणि हीच जीप त्यांनी सोळा वर्षं चालवली. खात्याने ती लिलावात काढली तेव्हा आबांनीच घेतली. आई त्यांच्याशी चार दिवस बोलली नव्हती. आईला जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ सुरतेला असतो. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, घरात एकटे राहतात, आणि गल्लीत त्यांची ओळख 'जीपवाले आबा' अशीच आहे. आम्हा सगळ्यांना वाटायचं, त्यांना गाडीची हौस आहे.

मोतीबिंदूनंतर आबांच्या उजव्या डोळ्याला कमी दिसतं, त्यामुळे गाडी मी चालवायची असं ठरलं. तुम्ही जुनी जीप कधी चालवली नसेल तर एक सांगते. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नाही. ब्रेक लागतो, पण आधी विचार करून मग लागतो. ताशी पन्नासच्या वर गेलं की हूड फडफडायला लागतं आणि बोलणं बंद होतं. लिटरला आठ किलोमीटर मिळाले तर नशीब. पेट्रोलचा कॅन सोबत ठेवा, आणि रेडिएटरसाठी पाण्याचे दोन.

पहिला दिवस: धुळे, दोंडाईचा, तापीचा काठ

धुळ्याहून चोपड्याला जायचं तर सरळ रस्ता अमळनेरवरून आहे, दोन-अडीच तासांचा. आबा म्हणाले, आधी दोंडाईचाला जाऊ. उलट दिशा, पण तिथे सलीम मिस्त्री आहेत. या गाडीचा कार्बोरेटर समजणारा जिल्ह्यात तो एकच माणूस उरला आहे, असं आबांचं म्हणणं.

जानेवारीत दोंडाईचा आधी नाकाला कळतं. मोकळ्या जागांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात आणि उघड्या जीपमधून जाताना डोळ्यांतून पाणी यायला लागतं. सलीमभाईंचं गॅरेज स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पत्र्याची शेड, बाहेर लिंबाचं झाड. साठीचा माणूस, दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी एक लांब पेचकस इंजिनाला टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"बरी आहे," ते म्हणाले. "पट्टा बदलतो फक्त. बाकी सगळं ही दिवाळी सोडून मागच्या दिवाळीच्या आधी करूनच दिलं होतं ना, आबा?"

"तवय करं व्हतं," आबा म्हणाले.

"त्याच्या आधीच्या दिवाळीलाही. दोन्ही वेळा ब्रेक, कूलंट, टायर, सगळं पाहिलं. मग आबांचा फोन यायचा, पोरीला सुट्टी नाही." सलीमभाई माझ्याकडे पाहून हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. मी चहाच्या ग्लासात पाहत राहिले. आबांनी दोनदा गाडी तयार करून घेतली होती, हे मला माहीतच नव्हतं.

निघताना सलीमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, चढावर हिला घाई करू नका. आणि आबालापण."

आबा घरात अहिराणी बोलतात. सगळ्यांना कळावं म्हणून मी इथे बहुतेक ठिकाणी त्यांचं बोलणं मराठीत केलं आहे. जिथे जमलं नाही तिथे तसंच ठेवलं आहे.

शिंदखेड्यावरून महामार्गाला लागलो आणि तापीचा पूल ओलांडला. महामार्गावर ट्रकवाले आमच्यावर चिडत होते आणि पुढे जाताना गाडी पाहून हात करत होते. शिरपूरच्या अलीकडे आबांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेतात मुक्काम केला. नदी तिथून दिसते. नदीकाठी कुठेही तंबू टाकू नका, शेतमालकाला विचारा. खानदेशात विचारलं की नाही म्हणत नाहीत, उलट जेवायला बोलावतात. आम्हाला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि शेवभाजी मिळाली. शेवभाजीचा रस्सा पहिल्या घासाला गंमत वाटतो, तिसऱ्या घासाला पाणी शोधावं लागतं.

शेतमालकाचे शेजारी गाडीभोवती फिरून गेले.

"आबा, गाडी कोनी शे?"

"मनी शे."

"इकनी शे का?"

"नही," आबा म्हणाले. विकायची नाही, एवढंच. एरवी गाडीबद्दल कोणी विचारलं की माणसं अर्धा तास ताटकळतात.

दुसरा दिवस: चोपडा आणि उनपदेव

शिरपूर ते चोपडा रस्ता चांगला आहे, मधले काही तुकडे सोडले तर. उजव्या हाताला केळीच्या बागा, डाव्या हाताला सातपुडा, आणि कापसाने गच्च भरलेले ट्रॅक्टर. सकाळी थंडी इतकी होती की मी स्वेटरवर शाल घेऊन गाडी चालवत होते. आबा बाजूला बसून शिकवत होते.

"क्लच पूर्ण दाब. आते थांब. आते टाक."

मला राग येत होता. छत्तीस किलोमीटर मी हेच ऐकत होते. एकदा मी म्हणाले, "आबा, मी अठरा वर्षं गाडी चालवते." ते बाहेर पाहायला लागले. आता वाटतं, बोलू द्यायला हवं होतं. ते काहीतरी दुसरं बोलायच्या तयारीत होते आणि क्लच हा त्यांचा नेहमीचा रस्ता होता.

चोपड्यात भरीत-पुरी खाल्ली. हिवाळ्यात या भागात आलात तर भरीत चुकवू नका. हिरव्या पांढरट रंगाची मोठी वांगी काड्यांच्या जाळावर भाजतात, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचतात, त्यात कांद्याची पात, शेंगदाणे, हिरवी मिरची. ताट दीडशे रुपयांच्या आत येतं आणि दोघांना पुरतं. आबांनी अर्धी पुरी खाल्ली.

तिथून अडावदवरून उनपदेवला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे, दगडी गोमुखातून पाणी कुंडात पडतं. रविवारी गर्दी असते, आम्ही मंगळवारी होतो. आबा कुंडाच्या काठावर बसले, धोतर वर घेतलं आणि पाय पाण्यात सोडले. तासभर ते उठले नाहीत. एक बाई तिच्या सासूला सांगत होती, "भिजू द्या पाय, दुखणं जातं." आबा ते ऐकून हसले.

तंबू जवळच्या एका शेतात लावला. जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय राहता येत नाही, आणि राहूही नये. शेत हद्दीच्या बाहेर होतं. मी खूप खूश होते. फोटो काढले, नवऱ्याला पाठवले. त्याला लिहिलं, "आधीच यायला हवं होतं." तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

तिसरा दिवस

सकाळी सहाला जाग आली तेव्हा आबा स्टोव्ह पेटवून चहा करत होते. केळीच्या पानांवरून दव टपकत होतं. त्यांनी मला कप दिला, स्वतःचा कप हातात धरून बसले, आणि मान खाली घालून सांगायला लागले. मध्ये थांबले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही.

छत्तीस वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, खात्याचे साहेब आणि त्यांचा मेहुणा सातपुड्यात वरच्या सरकारी बंगल्यावर दोन दिवस राहायला गेले होते. काम नव्हतं, मौज म्हणून. आबा हीच गाडी घेऊन बरोबर. परत येताना एका पावरा आदिवासींच्या गावाजवळ, वळणावर, चार माणसं खाट घेऊन रस्त्यात उभी होती. खाटेवर गोधडीखाली बाळंतपणाला अडलेली बाई होती. तिचा नवरा हात जोडून जीपसमोर आला. आबांनी वेग कमी केला.

साहेब म्हणाले, "थांबू नको. सीट खराब होतील. गाडीत जागा नाही म्हणून सांग."

आबा तेव्हा रोजंदारीवर होते. नऊ वर्षं रोजंदारीवर काढली होती आणि कायम करण्याचा कागद त्याच साहेबांच्या टेबलावर होता. आबांनी हात बाहेर काढून जागा नाही अशी खूण केली, माणूस बाजूला झाला, आणि आबांनी गाडी पुढे काढली. आरशात एक लहान मुलगी गाडीमागे धावताना दिसली. पुढच्या वळणापर्यंत ती धावत होती.

आठवड्याने चोपड्याच्या बाजारात त्यांना कळलं की त्या बाईला झोळीतून खाली आणलं होतं. पायथ्याच्या गावाजवळ, रस्त्यावरच, ती बाळंत झाली आणि गेली. बाळ जगलं. नवऱ्याचं नाव खुमान होतं, हेही तेव्हाच कळलं.

"गाडीमा जागा व्हती," आबा म्हणाले. "मांगे दोन गोण्या व्हत्यात आनि घडीन्या खुर्च्या. मी थांबनू नही."

त्याच वर्षी आबा कायम झाले होते. मी दहा वर्षांची होते. घरी पेढे आले होते, आईने देवापुढे ठेवले होते, मला शाळेसाठी नवं दप्तर घेतलं होतं. मला ते पेढे आठवतात. पुढे मी शिकले, डी.एड. केलं, बी.एड. केलं, ते सगळं त्याच पगारावर.

"आईला माहीत होतं?" मी विचारलं.

"नही."

"मग गाडी का घेतली, आबा?"

"भंगारात गेली असती तर मी विसरून गेलो असतो," ते म्हणाले.

मधल्या काळात ते एकदा एसटीने चोपड्यापर्यंत आले होते. स्टँडवर दोन तास बसले आणि परत गेले. एकट्याने होईना. भावाला सांगवेना. मग त्यांना वाटलं, उजू बरोबर असली तर होईल. खुमान नावाच्या माणसाला भेटायचं आणि सांगायचं, की जागा होती. एवढंच त्यांना करायचं होतं. आमचा तंबू आणि बाहेर राहणं हे सगळं मला निघायला राजी करण्यासाठी होतं.

यावर मी जे बोलले ते मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "मग आता जाऊन काय होणार आहे, आबा?"

"काही नही," ते म्हणाले. "पन माले त्याले सांगनं शे."

आम्ही सामान भरलं आणि निघालो. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रस्ता आता डांबरी आहे, शेवटचा चढ सिमेंटचा. तेव्हा सगळा मुरूम होता म्हणे. सागाची पानं गळायला लागली होती. गाव दोन किलोमीटर राहिलं तेव्हा आबा म्हणाले, "आता मी चालवतो." मी त्यांच्या डोळ्याबद्दल बोलणार होते, पण उतरले आणि जागा बदलली. त्यांनी पहिला गिअर टाकला तो आवाजसुद्धा आला नाही. एका वळणावर त्यांनी गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं, दोनेक मिनिटं तसेच बसले, आणि मग पुढे घेतली.

गावात शिरताच एक किराणा दुकान आहे. मी उतरून विचारलं, "खुमान पावरा कुठे राहतात?"

दुकानातल्या बाईने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "खुमान? तो पोळ्याला गेला."

मला आधी कळलं नाही. मी विचारलं, "कुठे गेला?"

"वारला," ती म्हणाली. "त्याची पोरगी आहे. पुढचं घर."

पोळा होऊन साडेचार महिने झाले होते. मी परत येऊन आबांना सांगितलं. त्यांनी स्टीअरिंगवरचे हात काढले नाहीत. मी म्हणाले, परत जाऊ. ते म्हणाले, "पोरगी शे ना."

खुमानची मुलगी जमुना अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. माझ्याच वयाची, दोन-तीन वर्षांनी लहान असेल. आश्रमशाळेत शिकलेली, मराठी स्वच्छ बोलते. तिने आम्हाला खाट टाकून दिली, पाणी दिलं. कोणी सरकारी माणसं असतील असं तिला वाटलं.

आबा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मी त्या दिवशीच्या गाडीचा ड्रायव्हर."

"कोणत्या दिवशीच्या?" तिने विचारलं. मग तिने त्यांच्या खांद्यावरून पलीकडे उभ्या असलेल्या जीपकडे पाहिलं. हातातली काठी तिने खाली ठेवली.

आबांनी सगळं सांगितलं. साहेबांनी सांगितलं म्हणून, असं ते एकदाच म्हणाले, आणि लगेच म्हणाले, पण गाडी माझ्या हातात होती. त्यांचं संपल्यावर तिने विचारलं, "गाडीत कोण होतं?"

"साहेब आणि त्यांचा मेहुणा. पुढे."

"मागे?"

"माणूस कोणी नाही. दोन गोण्या आणि खुर्च्या."

"गोण्या कशाच्या?"

"चारोळीच्या."

ती उठली आणि गाडीकडे गेली. मागचं फळकट मी खाली पाडलं. आत आमचा तंबू होता, गाद्या, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, बॅगा. तिने मला विचारलं, "हे बाहेर काढता का?" मी एकेक वस्तू काढून मातीवर ठेवली. सगळं काढून झालं तेव्हा ती वाकून आत पाहत राहिली. दोन बाकड्यांच्या मधल्या पत्र्यावर तिने हात ठेवला आणि तो पुढे सरकवत नेला.

"खाट बसली नसती," ती म्हणाली. "गोधडी टाकून झोपवता आली असती."

"हो," आबा म्हणाले. "जागा होती."

"मी मागे पळाले होते. मला वाटलं, वळणावर थांबेल."

"आरशात दिसली होतीस."

आबा तिच्या पायांकडे वाकायला लागले. ती पटकन मागे सरली. "असं नका करू," ती म्हणाली. रागावून नाही. "मला सांगून काय? बापाला सांगायला पाहिजे होतं. दोन वर्षं तो कुठे जात नव्हता. पाय गेले होते. दिवसभर ओट्यावर बसून असायचा, रस्त्याकडे पाहत. कोणी आलं की त्याला बरं वाटायचं."

दोन वर्षं. मी मातीवर ठेवलेल्या आमच्या सामानाकडे पाहत होते. सहामाहीचे पेपर, प्रवेश, गुडघा.

"तो काय म्हणायचा?" आबांनी विचारलं. "माझ्याबद्दल."

"काही नाही. गाडी आली होती, थांबली नाही, एवढंच सांगायचा."

तिने आम्हाला कोरा चहा दिला. तिचा भाऊ, तेव्हाचं ते बाळ, ऊसतोडीला गुजरातकडे गेला होता. मी माझा नंबर एका कागदावर लिहून तिला दिला. का दिला, मला सांगता येणार नाही. काहीतरी द्यायला हवं होतं आणि आमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. सामान मी एकटीने परत भरलं. आबांनी मदत केली नाही, ते खाटेच्या कडेला बसून होते. निघताना जमुना म्हणाली, "उतारावर सावकाश जा."

आबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. पुढे कुठेही त्यांनी क्लचबद्दल सांगितलं नाही. मी दोनदा गिअर चुकवला, मोठा आवाज झाला, तरी नाही.

तो मुक्काम चोपड्यात लॉजवर केला. तंबू लावायची ताकद दोघांतही नव्हती.

चौथा दिवस: अमळनेरवरून धुळे

परतीचा रस्ता सोपा आहे. चोपडा, तापी, अमळनेर, धुळे. अमळनेरला पंपाजवळ गाडी तापली म्हणून अर्धा तास थांबलो. एक कॉलेजची मुलगी मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, गाडीसोबत एक फोटो काढू?" आबा बाजूला झाले आणि म्हणाले, "गाडीना काढ, बेटा. मना नको." तिने काढला.

तीनशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालली. पेट्रोल, खाणं, एक लॉज धरून दोघांचं साडेसहा-सात हजारांत झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मार्चनंतर उघड्या गाडीतून या भागात फिरू नका. हे सगळं मी पहिल्या दोन दिवसांत वहीत लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवसाच्या पानावर काहीच लिहिलेलं नाही.

घरी आल्यावर आबांनी स्वतः फोन करून भावाला सगळं सांगितलं. भाऊ म्हणाला, "आबा, तुमचा काय दोष त्यात? नोकरी होती." मीही तसंच म्हटलं असतं, सुरतेत बसून ऐकलं असतं तर. आबांनी फोन माझ्याकडे दिला.

आबांना हलकं वाटतंय का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. नाही वाटत. मला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर माणूस सुटतो. ते अजून कमी बोलतात. आणि मी, जिला यात काही करायचं नव्हतं, फक्त चार दिवस काढायचे होते, ती अजून हिशोब लावते. पहिल्या दिवाळीला गेलो असतो तर खुमान ओट्यावर होता. दुसऱ्या दिवाळीला गेलो असतो तरी ओट्यावरच होता. पाच महिने आधी, एखाद्या शनिवार-रविवारी गेलो असतो तरी चाललं असतं. मी आबांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तू दोन वर्षं केलीस. मी चौतीस." त्यांना मला धीर द्यायचा होता बहुतेक. आला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी शनिवारची धुळ्याला होते. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. जमुना होती. आधी आबांची तब्येत विचारली, मग तुरीला भाव काय चाललाय ते बोलली. शेवटी म्हणाली, "त्यांना एक विचारायचं होतं. आमच्याकडे आईचा फोटो नाही. मला तिचा चेहरा आठवत नाही. गाडी आठवते, चेहरा नाही. बाप होता तोवर त्याला विचारायचं राहून गेलं. खाट धरणारी चौघंही आता नाहीत. त्यांनी तिला पाहिलं होतं ना. कशी दिसत होती, एवढं विचारा."

मी फोन आबांच्या हातात दिला आणि तिचा प्रश्न त्यांना सांगितला. त्यांनी फोन कानाला लावला. त्यांना काहीही सांगता आलं असतं. गोरी होती, सावळी होती, कपाळावर गोंदण होतं, जमुनाने ते मानलं असतं आणि जन्मभर जपलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, आणि मला वाटतं, त्यांनी काहीतरी सांगावं अशीच माझी इच्छा होती.

"बेटा," आबा म्हणाले, "मी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर गाडी थांबवावी लागली असती."